पहिला भाग फुकट, पुढचं देणं बाकी

साशंक : चाळिशीतली माणसं जमली आणि कॉम्प्युटरचा विषय निघाला की गाडी हमखास लहानपणच्या गेम्सवर येते. डेव्ह, प्रिन्स, कीन, वुल्फेन्स्टाइन, डूम. आवाज चढतात, चेहरे उजळतात आणि शेवटी निकाल ठरलेला असतो, की तेव्हाच्या गेममध्ये जी मजा होती ती आताच्यात नाही. मला हा निकाल पटत नाही. तुला आठवण येते ती बारा वर्षांच्या वयाची. तेव्हा मे महिन्याची दुपार संपता संपत नव्हती, घर चालवायची काळजी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर होती आणि पडद्यावर काहीही हललं तरी नवल वाटत होतं. त्या नवलाचं श्रेय तू गेमला देतोस. आज तोच गेम लावून बघ. थोड्याच वेळात हात थांबतो. उडी वेळेवर लागत नाही, मेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि आतल्या स्पीकरचा चिरका आवाज कानाला टोचतो. गेम होता तसाच आहे, बदललास तू. मग आजच्या माणसाला जो पाव तासही धरून ठेवत नाही, त्याला थोर ठरवायचं कशाच्या जोरावर?

रसिक : वयाचा वाटा मी नाकारत नाही. पण नुसतं वयच असतं, तर त्या वयातलं सगळंच सारखं आठवायला हवं होतं. शाळेच्या त्याच लॅबमध्ये आपण लोगोचं कासव फिरवलं, बेसिकमध्ये पाढे छापले, टायपिंगचे धडे गिरवले. त्यांच्या आठवणी काढायला कुणी जमत नाही. माझ्या मते ओढ आहे ती एका व्यवहाराची. १९८२ साली कॅलिफोर्नियात अँड्रू फ्लुगेलमन यांनी मॉडेमसाठी ‘पीसी-टॉक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्याच सुमारास सिएटलजवळ जिम नॉफ यांनी ‘पीसी-फाइल’. दोघांनीही दुकानाची वाट सोडली. प्रोग्रॅम वापरा, मित्रांना प्रती द्या, उपयोगी वाटला तर आम्हाला पैसे पाठवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. यालाच पुढे शेअरवेअर म्हणू लागले. गेमच्या बाबतीत हे तसंच्या तसं चाललं नाही. टेक्सासमधले स्कॉट मिलर यांनी आधी पूर्ण गेम असेच वाटून बघितले, पण फारसे पैसे आले नाहीत. मग १९८७ साली त्यांनी ‘क्रोझ’ या गेमचे भाग पाडले. पहिला भाग फुकट आणि वाटायला मोकळा, पुढचे हवे असतील तर पैसे पाठवून मागवायचे. १४ डिसेंबर १९९० रोजी ‘कमांडर कीन’ आला तो याच पद्धतीने, तीन भागांतला पहिला. डोक्यावर फुटबॉलचं हेल्मेट घातलेला आठ वर्षांचा मुलगा मंगळावर अडकतो, त्याच्या यानाचे चोरीला गेलेले चार भाग शोधतो आणि घरी परत येतो. गोष्ट पुरी होते. तो एक-तृतीयांश भाग पोटभर होता. आणि त्याची प्रत काढून पुढे देणं हा गुन्हा नव्हता, उलट करणाऱ्यांची तीच विनंती होती. वस्तू विकणाराच म्हणतो आहे, की ही वाटा. हा भरवसा आपण दुसऱ्या कुठल्या बाजारात बघितला?

साशंक : हा इतिहास टेक्सासचा झाला, तुझ्या लहानपणाचा नाही. त्या भरवशाला दोन बाजू होत्या, त्यातली पैसे पाठवायची बाजू आपल्याकडे पोचलीच नाही. डूमचा पूर्ण गेम चाळीस डॉलरला होता. १९९३ च्या भावाने बाराशे रुपयांच्या वर. बरं, पैसे असले तरी पाठवणार कसे? परकीय चलनावर ‘फेरा’ची बंधनं होती, तो कायदा जाऊन ‘फेमा’ आला तो २००० साली. पोराच्या गेमसाठी बँकेत जाऊन डॉलरचा ड्राफ्ट काढणारे वडील तू पाहिलेस का? आणि दुसरी गोष्ट. आपल्याकडे सगळ्यांच्या जिवाचे गेम कोणते? डेव्ह आणि प्रिन्स. यातला एकही शेअरवेअर नव्हता. ‘डेंजरस डेव्ह’ जॉन रोमेरो यांनी १९८८ साली फ्लॉपीवर निघणाऱ्या एका मासिकासाठी केला, तो वर्गणीदारांसाठी होता. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ तर सरळ दुकानात विकायचा गेम. त्यातली ती बाटल्यांची खोली आठवते? पहिली स्टेज संपली की एक दालन यायचं, ओळीने बाटल्या आणि प्रत्येकीवर एक अक्षर. गेमसोबत आलेल्या पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर असेल, ती प्यायची. ती खोली एकच प्रश्न विचारत होती, की तू मला विकत घेतलंस का? आपल्याकडे पुस्तिका कुणाकडेच नव्हती. आपण अंदाजाने बाटल्या पीत राहिलो आणि त्यालाच खेळ समजलो. तू ज्या भरवशाच्या आठवणीने हळवा होतोस, त्या करारावर आपली सही कधी नव्हतीच.

रसिक : बाटल्यांच्या खोलीचं मान्य. डेव्ह आणि प्रिन्स माझ्या बाजूचे साक्षीदार नाहीत, हेही मान्य. पण म्हणूनच कीन आणि डूमचा पहिला भाग वेगळा काढायला हवा. आपल्या घरी कॉम्प्युटर आला तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल होऊन, आणि जोडून देणारा माणूस त्यात चार गेम टाकून द्यायचा. त्या चारांपैकी एखादा असा निघायचा, जो आपल्याकडे चोरून आलेला नव्हता. त्याच्या फाइलमध्येच लिहिलेलं होतं, की ही प्रत तुझी, पुढे दे. आपण फक्त पहिल्या भागावर थांबलो तेवढ्यापुरते आपण त्या करारात होतो, पैसे न देताही प्रामाणिक. आणि गरीब देशांच्या दृष्टीने म्हणशील, तर वाट एकाच दिशेची नव्हती. ‘स्कायरोड्स’ आठवतो ना, अंतराळातल्या रंगीत पट्ट्यांवरून यान उडवत न्यायचं? १९९३ सालचा तो शेअरवेअर गेम एस्टोनियातल्या ब्लूमून या चमूचा. देश सोव्हिएत संघातून बाहेर पडून दोनच वर्षं झाली होती. दुकान नाही, वितरक नाही, तरी पोरांनी गेम लिहिला आणि तो फ्लॉपी ते फ्लॉपी जगभर गेला. त्याच चमूतले आहती हेइनला, प्रीत कासेसालू आणि यान ताल्लिन पुढे स्काइप उभारणाऱ्यांत होते. दूर कोपऱ्यातल्या माणसालाही जगापुढे काम ठेवता येईल अशी ती व्यवस्था होती.

साशंक : व्यवस्था मोकळी होती म्हणतोस, तर विचारते, कुणासाठी? फ्लॉपी हातोहात जायची, पण कुणाच्या हातातून? आमच्या शाळेत चपला बाहेर काढून लॅबमध्ये शिरायचं आणि एका कॉम्प्युटरवर तिघं-चौघं बसायचं. शेवटची दहा मिनिटं गेमला मोकळी. कीबोर्डसमोरची खुर्ची मुलगे धावत जाऊन पकडायचे. आम्ही मुली मागे उभ्या राहून सांगायचो, उडी आता मार, वर ज्वाला आहे, आधी कप घे. कप उचलल्याशिवाय डेव्हचं दार उघडत नाही हे मला बघून बघून पाठ झालं होतं, पण बाणांच्या कळा हाताखाली क्वचितच आल्या. सुट्टीत गेम कुणाकडून कुणाकडे गेला तर तो मित्रांच्या टोळीत गेला, आणि टोळीत यायला आधी घरी कॉम्प्युटर हवा. नव्वदच्या दशकात तो किती घरांत होता? म्हणजे ज्याला तू वाटून घेणं म्हणतोस, ते थोड्या घरांतल्या थोड्या मुलग्यांचं वाटून घेणं होतं. तीच मुलं मोठी होऊन लिहिती झाली आणि आपल्या दुपारी सगळ्या पिढीच्या नावावर चढवून मोकळी झाली. स्मरणरंजनाविषयी माझा मूळ आक्षेप हाच आहे. ते आठवतं कमी आणि बाजूला उभ्या असलेल्यांना पुसून टाकतं जास्त.

रसिक : हा आक्षेप मला सगळ्यांत जड जातो, आणि तो खोडून काढायची माझी इच्छाही नाही. त्याने आठवणीचा मालक बदलतो, पण आठवणीतला मुद्दा खोटा पडत नाही. मागे उभं राहून तू जे बघितलंस तेही कौशल्यच होतं, आणि तो गेम बघून पाठ होण्याइतका लहान होता, स्वच्छ होता. तेव्हाच्या पीसीवर निन्टेन्डोसारखं चित्र सरकवायची सोय नव्हती. पात्र कडेला गेलं की अख्खा पडदा नव्याने रंगवावा लागे आणि मशीन धापा टाकायचं. कीनचे प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांनी काय केलं, तर दिसतो त्याहून थोडा मोठा पडदा मेमरीत रंगवून ठेवला, खेळाडू चालेल तशी त्यातली दिसणारी चौकट सरकवली, आणि चौकट काठाला टेकली की जे चौकोन खरोखर बदलले तेवढेच पुन्हा रंगवले. आकाश निळंच राहणार असेल तर निळ्यावर पुन्हा निळा द्यायचा कशाला? कीन मंगळावर सुळकन धावला तो या एका विचारावर. कामातला हा नेटकेपणा आठवणं आणि नुसतं बालपण आठवणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि त्या नेटकेपणाच्या जोडीला व्यवहारही नेटका होता. आज पोरांच्या हातातल्या फोनवरचे गेम बघ. फुकट उतरवून घ्यायचे, आणि मग दर पायरीवर नाणी, हिरे, पोशाख, रोजचं बक्षीस, थांबलास तर तोटा. ते संपत नाहीत, कारण संपणं त्यांना परवडत नाही. कीन संपायचा.

साशंक : इथे तू मोठी गल्लत करतो आहेस. फोनवरचे हे गेम शेअरवेअरचे शत्रू नाहीत, ती त्याचीच पुढची पिढी आहे. टिम स्वीनी यांनी १९९१ साली मेरीलँडमध्ये आईवडिलांच्या घरी बसून ‘झेडझेडटी’ हा शेअरवेअर गेम काढला. मग ‘जिल ऑफ द जंगल’, मग ‘जॅझ जॅकरॅबिट’, सगळे याच पद्धतीचे, पहिला भाग फुकट. स्वीनी यांची तीच कंपनी आज ‘फोर्टनाइट’ची एपिक. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर ठेवलेल्या आरोपांवरून तिने एकूण ५२ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. २७.५ कोटी मुलांच्या खासगी माहितीच्या कायद्याखाली दंड म्हणून, आणि २४.५ कोटी बटणांच्या फसव्या रचनेमुळे नकळत खरेदी झालेल्यांना परत देण्यासाठी. आता मूळ कल्पना बघ. आधी फुकट चव द्या, पोर रमलं की पुढच्यासाठी आईवडिलांच्या खिशाकडे बघा. कीन घरी पोचतो तेव्हा पृथ्वीवर परग्रहवासीयांचं यान येऊन थांबलेलं असतं, आणि पुढचं बघायचं तर पैसे. गेम बंद करताना ऑर्डरसाठी फोन नंबर पडद्यावर यायचा. तुझ्या भरवशाच्या व्यवहारात गळ होताच. पुढच्यांनी तो फक्त जास्त धारदार केला.

रसिक : गळ होता, पण त्याची लांबी ठरलेली होती. किंमत सांगितलेली, एकदाच द्यायची, आणि बदल्यात काय मिळणार ते आधीच लिहिलेलं. डूमचा पहिला भाग नऊ स्टेजचा होता, पैसे भरले की आणखी दोन भाग मिळायचे आणि तिथे व्यवहार मिटायचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, फ्लॉपी हातातून गेल्यावर करणाऱ्याला माझ्याविषयी काहीही कळत नव्हतं. मी कुठल्या स्टेजवर अडकलो, किती वाजता खेळतो, कशाने हुरळतो, कधी पैसे खर्च करायच्या मनःस्थितीत असतो, यातलं काहीच त्याच्याकडे जात नव्हतं. तो गेम मला बघत नव्हता. मला वाटतं, आपल्या पिढीला जे हरवल्यासारखं वाटतं ते नेमकं हे आहे. आपण कुणाच्या नजरेखाली नसताना खेळलो. हरलो तर त्याची नोंद कुठे झाली नाही.

साशंक : आता तू पहिल्यांदा असं काही म्हणालास, जे वयाच्या खात्यात टाकता येत नाही. पण त्यावरही मला विचारायचंच आहे. ती नजर नव्हती ती सभ्यता म्हणून, की साधन नव्हतं म्हणून? फ्लॉपीला माग ठेवता येत नव्हता. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि तेही मिनिटं मोजत वापरायचं. तेव्हाच्या गेमवाल्यांना आपल्या मागावर राहता आलं असतं, तर ते राहिले नसते असं कशावरून? ज्याच्या हातात सोय नव्हती त्याला संयमाचं श्रेय द्यायचं नसतं. एपिकची गोष्ट तर हेच सांगते, की सोय आली तशी सभ्यता मागे पडली.

रसिक : प्रत्येक जण तसाच वागला असं मात्र नाही. सोय असतानाही काहींनी दुसरी वाट धरली. डिसेंबर १९९७ मध्ये जॉन कार्मॅक यांनी डूमचा सोर्स कोड जगाला खुला केला. विकत राहता आला असता असा ऐवज त्यांनी शिकणाऱ्यांच्या हाती दिला, आणि त्यावर किती तरी पोरं प्रोग्रॅमिंग शिकली. ‘स्कायरोड्स’च्या कर्त्यांनीही पुढे तो गेम पूर्ण मोफत केला. म्हणजे मोकळं सोडण्याची ती वृत्ती निदान काही जणांच्या बाबतीत साधनांच्या कमतरतेतून आलेली नव्हती. आणि ती आजवर टिकली ती आम्हा आठवण काढणाऱ्यांमुळे. २००२ साली डॉसबॉक्स आला, नव्या मशीनवर जुने गेम चालू लागले. जानेवारी २०१५ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने डॉसचे दोन हजारांवर गेम ब्राउझरमध्ये खेळता येतील असे मांडले. प्रिन्सचा मूळ कोड हरवला असं त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांना वाटत होतं. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, जाणकारांनी त्या जपून वाचल्या, आणि तो कोड आज कुणालाही बघता येतो. ज्यांना ओढ होती त्यांनीच हे वाचवलं. तुझ्यासारख्या तटस्थ माणसाला त्या खोक्याची किंमत कळली असती का?

साशंक : ओढ वाचवते, पण निवडून वाचवते. २०२३ साली अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. डूमची काळजी घ्यायला जग आहे, पण बाकीच्यांचं काय? आणि घराजवळचं बोलायचं तर, ज्या फ्लॉपीवर कीन होता, तिच्या शेजारच्या फ्लॉपीवर काय होतं? त्याच वर्षांत आपल्याकडे श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टमध्ये मराठी मजकूर टाइप होत होता. अंक, स्मरणिका, कविता, संस्थांचे अहवाल. युनिकोड आला आणि तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्या फाइल उघडल्या की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. दमट हवेत फ्लॉप्यांना बुरशी लागते ती वेगळीच. टेक्सासच्या गेमसाठी आपले डोळे भरून येतात, पण स्वतःच्या भाषेतल्या त्या फाइलसाठी माळ्यावर कुणी चढत नाही. तुझ्या ओढीत खरंच जपणूक असेल, तर ती आधी घरात दिसू दे.

रसिक : ती दिसायला हवी, यात वाद नाही. पण मला अजूनही वाटतं, की माळ्यावर चढायचं बळ त्या ओढीतूनच येईल. कर्तव्य म्हणून जुनी फ्लॉपी कोण हातात घेतो? माणूस वर चढतो तो गेम शोधायला, आणि मग त्याला आजोबांच्या लेखांची फाइल सापडते. तू आठवणीवर अविश्वास दाखवत राहा, त्याने ती खरी राहते. मी तिच्यावर प्रेम करत राहीन, नाहीतर खोकं उघडलंच जाणार नाही. आपल्या दोघांत मिटलं ते एवढंच, की नुसतं आठवून भागत नाही.

साशंक : न मिटलेलंही सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज व्हायला नको. तुझं हळवेपण त्या व्यवहाराबद्दल आहे की बालपणाबद्दल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि तुलाही ते ठरवता आलेलं दिसत नाही. पण एक कसोटी आपल्या हातात आहे. शेअरवेअरच्या करारात शेवटचं वाक्य पैशांचं होतं. आवडलं तर पाठवा. तेव्हा वाट नव्हती, हे खरं. आता कीन आणि डूम रीतसर विकत मिळतात, आणि इथून पैसे भरायला ड्राफ्ट लागत नाही. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, की ज्या गेमच्या आठवणीने गळा दाटतो, तो आज विकत मिळत असेल तर आधी त्याचे पैसे भरा. मिळत नसेल तर तुमच्याकडची प्रत संग्रह करणाऱ्यांपर्यंत पोचवा. माळ्यावरच्या फ्लॉप्या या दिवाळीच्या साफसफाईत टाकून देऊ नका, त्यातलं मराठी आधी वाचवा. आणि घरातल्या मुलीला शेजारी बसवाल तेव्हा कीबोर्ड तिच्यासमोर ठेवा.